बोडक्या झाडाला पानं: 'आर'मध्ये निर्णयवृक्षावर लेबलं लिहायची रीत

परभणीला एम.एस्सी. करताना सोयाबीनच्या सर्वेक्षणावर मी 'आर' या संगणकभाषेत पहिला निर्णयवृक्ष, म्हणजे हो-नाहीच्या अटींनी नोंदींचे गट पाडत जाणारं झाड, काढला, तेव्हा पडद्यावर नुसत्या काड्या उमटल्या. एक रेघ, तिला दोन फाटे, फाट्यांना आणखी फाटे. अक्षर नाही की आकडा नाही. दोन दिवस खटपट केल्यावर अक्षरं आली, म्हणून हौसेनं छापून मानवतला थोरल्या काकांना दाखवायला नेलं. सर्वेक्षणात त्यांचंही रान होतं. सगळ्यात वरच्या फाट्यावर लिहिलेलं होतं: 'पाणी=एसी'. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "एसीचं पाणी सोयाबीनला कोण देतंय गं?"

त्या 'एसी'चा अर्थ कालवा आणि विहीर असा होता. मला तो लागायला आणखी एक आठवडा गेला. दुसऱ्या खेपेला नावं बरोबर आली, पण मी फांद्या उलट्या वाचल्या आणि कोरडवाहू रानाला विहिरीच्या रानापेक्षा चांगला उतारा येतो असं ठणकावून सांगितलं. "उलटं वाचायलीस तू," एवढंच ते बोलले.

तर हा लेख त्या दोन्ही फजित्यांमधून आलेला आहे. झाड बांधणं सोपं आहे, एका ओळीत होतं. त्यावर काय लिहिलंय, ते कुठल्या फांदीचं आहे आणि दुसऱ्या माणसाला ते वाचता येतंय का, इथंच सगळी गोम आहे.

काय काय हाताशी हवं

- 'आर', आवृत्ती ४.२ किंवा त्यापुढची. विंडोजवर मराठी अक्षरं नीट चालायला ही आवृत्ती लागतेच. कारण आठव्या पायरीत येईल.
- आरस्टुडिओ, म्हणजे 'आर' चालवायची सोयीची खिडकी. नसला तरी अडत नाही, पण असावा.
- झाड बांधणारं 'आरपार्ट' पॅकेज. हे 'आर'बरोबरच येतं, वेगळं उतरवावं लागत नाही. फक्त दर वेळी लायब्ररी(आरपार्ट) अशी हाक मारायची.
- 'आरपार्ट.प्लॉट' पॅकेज. हे मात्र एकदा इंटरनेट लावून इन्स्टॉल करायचं. वसतिगृहाच्या वायफायवर भरवसा नसेल तर मोबाइलचा डेटा पुरतो.
- देवनागरी फाँट. विंडोजवर 'निर्मला यूआय' असतोच. लिनक्सवर 'नोटो सॅन्स देवनागरी' टाकून घ्या.
- तुमची माहिती सीएसव्ही फाइलमध्ये, यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही साठवणाऱ्या) प्रकारात जतन केलेली.
- कोरा कागद आणि पेन्सिल. गंमत नाही, खरंच लागतं.

आज्ञांबद्दल एक खुलासा. मी त्या इथे तोंडानं सांगावं तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या. आरपार्ट म्हणजे आर, पी, ए, आर, टी ही पाच अक्षरं, सगळी छोटी. ट्रू मात्र सगळ्या मोठ्या अक्षरांत. 'आर'ला छोट्या-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो आणि तो त्याबाबतीत अजिबात दयामाया दाखवत नाही. स्पेलिंगची खात्री नसेल तर पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा.

नावाचीही एक गोष्ट आहे. ही पद्धत 'कार्ट' (क्लासिफिकेशन अँड रिग्रेशन ट्रीज) या नावानं प्रसिद्ध, पण ते नाव व्यापारी चिन्ह म्हणून आधीच नोंदलेलं होतं. म्हणून टेरी थर्नो आणि बेथ अॅटकिन्सन यांनी 'रिकर्सिव्ह पार्टिशनिंग'ची काटछाट करून आरपार्ट हे नाव घेतलं.

१. आधी झाड अक्षरांत वाचा

सरावाला स्वतःची माहिती घेऊ नका. आरपार्टसोबत 'कायफोसिस' नावाचा एक छोटा संच येतो, तो घ्या. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या ८१ मुलांची ती माहिती आहे. शस्त्रक्रियेनंतर पाठीचा बाक राहिला की नाही, मुलाचं वय महिन्यांत, किती मणके गुंतलेले होते, आणि वरून कितव्या मणक्यापासून शस्त्रक्रिया सुरू झाली, असे चारच रकाने. ६४ मुलांत बाक नाही, १७ मुलांत आहे.

झाड <- आरपार्ट(कायफोसिस ~ एज + नंबर + स्टार्ट, डेटा = कायफोसिस, मेथड = "क्लास")

पहिला खड्डा इथंच. रकान्याचं नाव मोठ्या 'के'नं सुरू होतं आणि संचाचं नाव छोट्या 'के'नं. मी अर्धा तास 'ऑब्जेक्ट सापडत नाही' हा निरोप वाचत बसले होते.

आता चित्र न काढता नुसतं झाड असं लिहून एंटर दाबा. ओळीच्या ओळी उमटतील. प्रत्येक ओळीत गाठीचा (फाट्याच्या किंवा पानाच्या जागेचा) क्रमांक, फाट्याची अट, त्या गाठीत किती जण आले, त्यातले किती चुकीच्या गटात पडले, आणि गाठीचा निकाल. ज्या ओळीच्या शेवटी तारा आहे ते पान, म्हणजे तिथून पुढे फाटा नाही. या झाडात पाच पानं आहेत.

कागद-पेन्सिल घेऊन हे झाड एकदा हातानं काढा. पाच मिनिटं लागतात. पुढे पडद्यावर काही शंका आली की पडताळायला हाच कागद उपयोगी पडतो.

२. प्लॉट आधी, टेक्स्ट नंतर

प्लॉट(झाड) दिलं की नुसत्या काड्या येतात, कारण ती आज्ञा फक्त रेघा मारते. अक्षरं लिहिणं हे टेक्स्ट या वेगळ्या आज्ञेचं काम. भिंत रंगवणारा वेगळा आणि पाटी लिहिणारा वेगळा, तसं.

प्लॉट(झाड, मार्जिन = ०.१)
टेक्स्ट(झाड)

मार्जिन न दिल्यास कडेच्या पानांवरची नावं कापली जातात. ०.१ नं भागलं नाही तर ०.१५ करा. तरीही अक्षर तुटत असेल तर दोन्ही आज्ञांच्या आधी पार(एक्सपीडी = एनए) द्या, म्हणजे चौकटीबाहेर गेलेलं अक्षरही दिसतं.

दोन चुका नेहमी होतात. आधी टेक्स्ट दिलं तर मागच्या प्लॉटची माहितीच नाही अशा अर्थाची चूक येते. ही चूक बरी, निदान ती बोलते तरी. दुसरी मुकी आहे: एका झाडाचा प्लॉट काढला, मध्ये काही बदलून दुसरं झाड बांधलं, आणि टेक्स्ट त्या दुसऱ्याचं दिलं. 'आर' तक्रार करत नाही, एका झाडाच्या फांद्यांवर दुसऱ्याची पानं चिकटवून देतं. म्हणून या दोन ओळी नेहमी जोडीनं निवडा आणि जोडीनंच चालवा.

हे झाड नाही, नुसतं मूळ आहे, अशा अर्थाचा निरोप आला तर तुमच्या माहितीत एकही फाटा पडलेला नाही. आरपार्ट २० पेक्षा कमी नोंदी असलेली गाठ फोडतच नाही. पाच-पंधरा शेतकऱ्यांच्या नोंदींवर हे हमखास होतं. मिनस्प्लिट (गाठ फोडायला लागणाऱ्या किमान नोंदी) कमी करून झाड जबरदस्तीनं वाढवता येतं. पण तेवढ्या नोंदींवर काढलेल्या झाडाला लेबलं लावून काय सांगणार, हे आधी स्वतःला विचारा.

३. डावीकडे की उजवीकडे

ही पायरी नीट वाचा. माझी दुसरी फजिती इथली.

टेक्स्ट प्रत्येक फाट्यावर एकच अट लिहितं, आणि ती अट डाव्या फांदीची असते. अट खरी असेल तर डावीकडे जा, खोटी असेल तर उजवीकडे. दोन्ही फांद्यांच्या मधोमध लिहिलेली असल्यामुळे ती दोघींची वाटते, आणि नजर आपोआप मोठ्या किंवा लांब फांदीकडे जाते. मी 'पाणी=कालवा, विहीर' हे उजव्या फांदीचं समजले आणि सगळा निकाल उलटा झाला.

त्यात भर म्हणजे चिन्ह एकसारखं राहत नाही. कायफोसिसच्या झाडात सगळ्यात वर 'स्टार्ट >= ८.५' आहे, म्हणजे मोठे आकडे डावीकडे. त्याच झाडात खाली 'एज < ५५' आहे, म्हणजे इथं लहान आकडे डावीकडे. त्याच्याही खाली 'एज >= १११', पुन्हा मोठे डावीकडे. संख्यारेषेची शाळेपासूनची सवय, लहान डावीकडे आणि मोठं उजवीकडे, इथं घात करते. या झाडात प्रत्येक फाट्यावर बाक नसलेल्या मुलांचं प्रमाण ज्या बाजूला जास्त, ती बाजू डावीकडे गेली आहे. आकड्याचा मोठेपणा तिथं मोजलाच जात नाही.

ज्यांना हा गोंधळ नकोच असेल त्यांनी टेक्स्टमध्ये फॅन्सी = ट्रू द्यावं. मग मधल्या गाठी अंडाकृती, पानं चौकोनी, आणि दोन्ही फांद्यांवर आपापली अट लिहिलेली येते. दिसायला ते जरा जुन्या सरकारी तक्त्यासारखं दिसतं. मला आवडत नाही, पण उलटं वाचण्यापेक्षा बरं.

पडताळणी सोपी आहे. ज्याचं उत्तर माहीत आहे अशी एक नोंद घ्या आणि बोटानं वरून खाली चाला. काकांचं रान विहिरीचं, भारी जमिनीचं. बोट जर कोरडवाहूच्या पानावर टेकलं, तर झाड चुकलेलं नसतं, आपण चुकलेलो असतो.

४. पानावर आकडेही हवेत

नुसतं टेक्स्ट(झाड) दिलं की पानावर फक्त निकाल येतो: बाक नाही, बाक आहे. त्या पानात दोन मुलं आहेत की पन्नास, ते कळत नाही. त्यासाठी:

टेक्स्ट(झाड, यूज.एन = ट्रू)

आता पाच पानांवर डावीकडून २९/०, १२/०, १२/२, ३/४ आणि ८/११ असे आकडे येतील. पहिला आकडा बाक नसलेल्यांचा, दुसरा बाक असलेल्यांचा. बेरीज करून बघा, ८१ भरते.

या आकड्यांमुळे चित्र एकदम बोलायला लागतं. २९/० हे पक्कं पान. ३/४ या पानाचा निकाल 'बाक आहे' असा छापला असला तरी सातांपैकी तिघांनी तो मानलेला नाही. लेबलावर नुसतं नाव असतं तर दोन्ही पानं सारख्याच वजनाची वाटली असती. प्रबंधात झाड देणार असाल तर यूज.एन शिवाय देऊ नका, परीक्षकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

तिरप्या रेघेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे तुमच्या फॅक्टरमधल्या (गटांची नावं असलेल्या रकान्यातल्या) गटांच्या क्रमावर ठरतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर 'आर' अक्षरांच्या क्रमानं लावतं. माझ्या माहितीत उताऱ्याचे दोन गट होते, 'चांगला' आणि 'बेताचा'. 'च' आधी, म्हणून चांगला पहिला. कुणी 'कमी' आणि 'जास्त' असे गट केले तर कमी पहिला येईल. अंदाज करू नका. फॅक्टर करताना लेव्हल्स, म्हणजे गटांचा क्रम, स्वतः लिहून द्या.

निकालाच्या रकान्यात ० आणि १ असे आकडे भरलेले असतील तर आणखी एक सापळा. मेथड न सांगितल्यास आरपार्ट त्याला मोजमाप समजतं आणि पानावर गटाच्या नावाऐवजी ०.२१ असले दशांश येतात. कित्येक जण मग लेबलाच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतात. दोष झाडात असतो. रकाना फॅक्टर करा किंवा मेथड = "क्लास" लिहा.

मधल्या गाठींवरही निकाल हवा असेल तर ऑल = ट्रू. लहान झाडाला ठीक, मोठ्या झाडाला नको, गर्दी होते.

५. ए, बी, सीचं कोडं

आता त्या 'एसी'कडे येऊ. कायफोसिसच्या संचात अटींचे सगळे रकाने आकड्यांचेच आहेत, म्हणून तिथं हा प्रश्न दिसत नाही. आपल्या माहितीत मात्र नावं असतात: तालुका, वाण, जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय. टेक्स्ट ही नावं जागा वाचवायला एकेका अक्षरावर आणतं. पहिल्या गटाला ए, दुसऱ्याला बी, तिसऱ्याला सी. माझ्याकडे कालवा, कोरडवाहू, विहीर असे तीन गट होते. डाव्या फांदीत पहिला आणि तिसरा गेला, म्हणून 'एसी'.

उपाय एका शब्दाचा आहे:

टेक्स्ट(झाड, प्रिटी = ०)

प्रिटी म्हणजे सुंदर. तो शून्य केल्यावर चित्र वाचता येतं, हे ज्यानं ठरवलं त्याला नमस्कार. मिनलेंग्थ = ० लिहिलं तरी तेच होतं; त्याचा अर्थ निदान लक्षात राहतो: किमान लांबीची अट नाही, पूर्ण नाव छापा. 'ट्री' नावाचं दुसरं पॅकेज वापरणाऱ्यांनाही प्रिटी = ० हाच उपाय.

मधला मार्ग म्हणजे मिनलेंग्थ = ४ किंवा ५, मग नावं छाटून येतात. रोमन अक्षरांतल्या नावांना हे चालतं. मराठी नावांना नको. छाटणारी आज्ञा इंग्रजी अक्षरांसाठी बनलेली आहे, देवनागरीवर ती इशारा देते आणि काना-मात्रा कुठंही तोडते. पूर्ण नाव ठेवा, नाहीतर माहितीतच छोटं नाव लिहा.

पूर्ण नावं छापली की नवा प्रश्न उभा राहतो. परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत. एका फाट्यावर 'तालुका=गंगाखेड,जिंतूर,पालम,पूर्णा,सोनपेठ' असं आलं की अर्धं चित्र त्यातच संपतं. इथं लेबल लहान करण्यापेक्षा गट लहान करणं शहाणपणाचं. कालव्याखालचे आणि बाकीचे असे दोन गट, किंवा तुमच्या प्रश्नाला लागू पडेल अशी दुसरी विभागणी. वाणांचंही तसंच. एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वाण आणि जेएस ३३५ हा जबलपूरचा. माझ्याकडे सुरुवातीला सर्वेक्षणातल्या लोकांनी एकच वाण चार प्रकारे लिहिलेला होता. ३३५, जेएस-३३५, 'जे एस ३३५' मध्ये जागा सोडून, आणि नुसतं 'जुनं बियाणं'. लेबलावर चारही वेगळे उमटले. निर्णयवृक्षाची लेबलं ही माहितीतली घाण पकडायची उत्तम जागा आहे, हे मला असं कळलं.

६. अक्षरं एकमेकांवर चढली तर

साधारणपणे फांदीची लांबी ही त्या फाट्यानं किती फरक पडला त्याच्या प्रमाणात असते. त्यामुळे खालचे फाटे आखूड होतात आणि त्यांची अक्षरं गुंततात. प्लॉटमध्ये युनिफॉर्म = ट्रू दिलं की सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या होतात. लांबीतून मिळणारी माहिती त्यात जाते, हे लक्षात असू द्या. ब्रांच = ० दिलं की फांद्या तिरप्या होतात, १ दिलं की काटकोनी. अक्षराचा आकार टेक्स्टमध्ये सीईएक्स = ०.८ असा कमी करता येतो. ०.६ च्या खाली जाऊ नका, छापल्यावर मुंग्या दिसतात.

एवढं करूनही चित्र मावत नसेल तर झाड छाटायची वेळ आली आहे. किती फाट्यांवर किती चूक राहते त्याचा तक्ता प्रिंटसीपीनं बघा, प्रूननं छाटा. तीस पानांच्या झाडाला वाचता येतील अशी लेबलं लावायची युक्ती माझ्याकडे नाही.

७. आरपार्ट.प्लॉट: जिथं बहुतेक जण शेवटी पोचतात

स्टीफन मिलबॉरो यांचं हे पॅकेज रेघा आणि अक्षरं एकाच आज्ञेत काढतं, अक्षरांचा आकार जागेप्रमाणे स्वतः ठरवतं आणि नावं छाटत नाही.

आरपार्ट.प्लॉट(झाड)

मग आधीच्या सहा पायऱ्या कशाला? कारण ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांत आणि वर्गातल्या टिपणांत प्लॉट-टेक्स्टचीच जोडी भेटते, आणि डाव्या फांदीचा नियम इथंही तोच आहे. फक्त इथं वरच्या फाट्यावर 'यस' आणि 'नो' लिहिलेलं येतं. यसनो = २ दिलं तर प्रत्येक फाट्यावर येतं. यस.टेक्स्ट = "हो", नो.टेक्स्ट = "नाही" असं लिहून तेही मराठीत करता येतं. शेतकरी मेळाव्यात दाखवायचं झाड असेल तर हे करायलाच हवं.

दोन पर्याय शिकले की नव्वद टक्के काम झालं. 'टाइप' म्हणजे अटी कुठं लिहायच्या. नेहमीचा २ आहे. ३ किंवा ४ दिलं की डाव्या-उजव्या दोन्ही फांद्यांवर वेगवेगळी अट येते. ४ मध्ये मधल्या गाठींवरही निकाल असतो. मी ४ वापरते. 'एक्स्ट्रा' म्हणजे चौकटीत कुठले आकडे. १ दिलं तर यूज.एन सारख्या संख्या, ४ दिलं तर प्रत्येक गटाची शक्यता, आणि त्यात १०० मिळवले की त्या गाठीत एकूण नोंदींपैकी किती टक्के आल्या तेही. म्हणजे १०१, १०४ वगैरे. दोनच गट असतील तर न सांगता १०६ लागतो: दुसऱ्या गटाची शक्यता आणि टक्केवारी. इथंही 'दुसरा' गट कुठला ते फॅक्टरच्या क्रमावर ठरतं, चौथी पायरी आठवा.

कायफोसिसचं झाड इथं काढलं की एक चमत्कार दिसतो. आधी ८.५ लिहिलेलं होतं तिथं ९ येतं, १४.५ च्या जागी १५. झाड तेच आहे. रकान्यात सगळे पूर्णांक असले की हे पॅकेज फाट्याचा आकडा वर सरकवून पूर्णांक करतं, कारण साडेआठावा मणका नसतो. अर्थ बदलत नाही, पण प्रबंधाच्या मजकुरात ८.५ आणि चित्रात ९ असं झालं तर कुणीतरी बोट ठेवणारच. राउंडइंट = फॉल्स दिलं की मूळ आकडा परत येतो. मूळ माहिती सापडत नाही असा इशारा येत असेल तर तोही यानंच जातो, नाहीतर झाड बांधतानाच मॉडेल = ट्रू लिहा.

उत्पन्न रुपयांत असेल तर मोठे आकडे 'ई' अक्षर घालून वैज्ञानिक पद्धतीनं छापले जातात. डिजिट्स = -३ असा उणे आकडा दिला की साधे आकडे येतात. उणे कशाला, असं मलाही वाटलं होतं. चालतं.

८. लेबलं मराठीत

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि याबद्दल विचारायला माणूसही मिळत नव्हता.

पहिलं, माहिती आत आणताना. एक्सेलमधून जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा आणि वाचताना फाइलएन्कोडिंग = "यूटीएफ-८-बॉम" द्या. 'बॉम' गाळलं तर पहिल्या रकान्याच्या नावाआधी कचरा अक्षरं चिकटतात. विंडोजवर ४.२ च्या आधीच्या 'आर'मध्ये मराठी नावांच्या जागी कंसात यू आणि अधिक चिन्ह असलेले संकेतांक दिसायचे. २०२२ मध्ये आलेल्या ४.२ पासून विंडोज १० वर यूटीएफ-८ थेट चालतं, म्हणून जुनं 'आर' असेल तर आधी ते बदला. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बरेचदा जुनंच असतं.

दुसरं, रकान्यांची नावं रोमनमध्येच ठेवा, गटांची नावं खुशाल मराठीत. सूत्रात मराठी रकाने लिहायचा हट्ट धरला तर वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळं नाटक होतं. मग चित्रात रोमन 'जमीन' आणि पुढे देवनागरी 'भारी' असं मिश्रण दिसेल. ते काढायला आरपार्ट.प्लॉटमध्ये स्प्लिट.फन नावाची सोय आहे. तिथं तुम्ही एक छोटं फंक्शन देता. पॅकेज तयार झालेली सगळी लेबलं तुमच्या हातात ठेवतं, तुम्ही ती बदलून परत देता. जीसब वापरून रोमन नावाच्या जागी मराठी नाव घाला, झालं. याच फंक्शनमध्ये स्ट्ररॅप (एस, टी, आर, डब्ल्यू, आर, ए, पी) वापरून लांब लेबलाच्या दोन-तीन ओळीही पाडता येतात. तालुक्यांच्या लांबलचक यादीवर तो दुसरा इलाज.

तिसरं, फाँट. विंडोजवर:

विंडोजफाँट्स(मराठी = विंडोजफाँट("निर्मला यूआय"))

आणि मग चित्राच्या आज्ञेत फॅमिली = "मराठी". हे टोपणनाव रोमनमध्ये लिहा, काहीही चालतं.

चौथं, आणि इथं बहुतेकांचं चित्र फुटतं: पीडीएफ. नेहमीच्या पीडीएफ आज्ञेला देवनागरी येत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी ठिपके येतात आणि इशाऱ्यांची रांग लागते. त्याऐवजी कैरो_पीडीएफ वापरा. चित्रच हवं असेल तर पीएनजीमध्ये टाइप = "कैरो" द्या, किंवा 'रॅग' पॅकेजची एजीजी_पीएनजी आज्ञा घ्या. उमटलेलं चित्र डोळे मोठे करून तपासा: वेलांटी अक्षराच्या योग्य बाजूला आहे का, जोडाक्षरं जोडलेली आहेत का. 'विहीर' आणि 'हलकी' हे शब्द त्यासाठी चांगले, आणि जोडाक्षराला 'मध्यम'. हे तिन्ही नीट दिसले की बाकीची चिंता नाही.

९. हातानं एखादं लेबल लावायचं असेल तर

कधी कधी एका पानाशेजारी आपलं काहीतरी लिहायचं असतं, नुसता 'अ', 'ब' असा खूणक्रमांक सुद्धा. प्लॉट आज्ञा गुपचूप सगळ्या गाठींच्या जागा परत देते, त्या धरून ठेवायच्या:

जागा <- प्लॉट(झाड, मार्जिन = ०.१)
टेक्स्ट(जागा$एक्स, जागा$वाय, लेबल्स = रो.नेम्स(झाड$फ्रेम))

यानं प्रत्येक गाठीवर तिचा क्रमांक येतो. क्रमांकांचा हिशोब असा: कुठल्याही गाठीचं डावं मूल तिच्या दुप्पट आणि उजवं दुप्पट अधिक एक. कायफोसिसच्या झाडात क्रम १, २, ४, ५, १०, ११, २२, २३, ३ असा आहे. म्हणजे आधी डावी बाजू पार तळापर्यंत, मग परत वर येऊन उजवी. स्वतःची लेबलं वरून खाली, डोळ्याला दिसतात तशी लिहून दिली तर ती भलत्या गाठींवर जाऊन बसतील. या क्रमातच द्या. आरपार्ट.प्लॉट वापरत असाल आणि फक्त क्रमांक हवे असतील तर एनएन = ट्रू पुरे.

१०. फाइल जतन करताना

आरस्टुडिओच्या खिडकीतून 'एक्सपोर्ट' करू नका. खिडकी जेवढी ताणलेली तेवढं चित्र, आणि पुढच्या वेळी अक्षरांचा आकार वेगळा. त्याऐवजी आधी फाइल उघडायची, चित्र काढायचं, मग फाइल मिटायची:

पीएनजी("झाड.पीएनजी", विड्थ = २०००, हाइट = १४००, रेस = २००, टाइप = "कैरो")
आरपार्ट.प्लॉट(झाड, टाइप = ४, एक्स्ट्रा = १०१)
डेव्ह.ऑफ()

शेवटची ओळ विसरली तर फाइल अर्धवट राहते आणि पुढची सगळी चित्रंही तिच्यातच जाऊन पडतात, पडद्यावर काही दिसत नाही. तसं झालं तर घाबरू नका, डेव्ह.ऑफ() दोन-तीनदा द्या. रेस (दर इंचातले ठिपके) वाढवला की अक्षरं मोठी होतात, त्याच प्रमाणात विड्थ आणि हाइटही वाढवा, नाहीतर सहाव्या पायरीवर परत.

आणि छापायला जाणार असाल तर रंगांचं बघा. गावातल्या झेरॉक्सवर काळं-पांढरंच निघतं, आरपार्ट.प्लॉटचे हिरवे आणि निळे चौकोन तिथं एकाच राखाडी रंगाचे होतात, वर गडद चौकोनातलं अक्षर बुडतं. बॉक्स.पॅलेट = ० दिलं की चौकोन पांढरे येतात. काकांना तिसऱ्या खेपेला नेलेली प्रत तशीच होती, ए-थ्री कागदावर. त्यांनी बोट ठेवून वरून खाली आपलं रान शोधलं, पानावरचा आकडा वाचला आणि विचारलं, "ह्या १२/२ मधले ते दोघं कोण?"